आमनाचा मांडव

मुसा कुवेतहून कायमचा परत आला तेव्हा मोहल्ल्यात बिर्याणी झाली, लोक भेटून गेले, आणि आठवडा उलटायच्या आत जो तो आपल्या घरातल्या झुरळांचं गाऱ्हाणं घेऊन त्याच्याकडे येऊ लागला. इतकी वर्षं आमनाने सगळ्यांना ‘ते कंपनीत हायत’ एवढंच सांगितलं होतं. कंपनी नक्की काय करते हे मुसाने ओट्यावर बसून एका दमात सांगून टाकलं: झुरळं, मुंग्या, उंदीर आणि कबुतरं मारते. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी आमनाला जरा लागलंच. मोहल्ला तिच्या नवऱ्याला सुपरवायझर समजत होता आणि तिने तो समज कधी खोडून काढला नव्हता.

रोह्याच्या या बाजूला कालव्याचं पाणी येतं, त्यामुळे भात निघालं तरी शेतं मोकळी पडत नाहीत. मुसा कुवेतला गेला तेव्हा त्याच्या शेतात हिवाळ्यात नुसता वाल पेरत. कारल्याचा मांडव आमनाने उभा केला. बांबू रोवले, तारा ओढल्या, वर जाळी ताणली, वेल हाताने वर चढवले. सासरे तेव्हा हयात होते. बाईमाणसाला हे झेपायचं नाही असं ते बांधावर उभं राहून रोज सांगायचे, आणि पहिला माल वाशीच्या गाडीत चढला त्या दिवसापासून त्याच बांधावर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘आमचा मांडव’ दाखवायचे. आमना त्यांच्याशी भांडली नाही. भांडायला वेळ लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता.

भांडली ती एकदाच, आणि तेही फवारणीवरून. कालव्याच्या या तुकड्यात मांडव एकमेकांना खेटून आहेत. एकाने औषध मारलं की फळमाशी उठून शेजारच्याकडे जाते, शेजाऱ्याने मारलं की परत येते. पैसे सगळ्यांचे जातात आणि माशी मजेत राहते. आमनाने घरोघरी जाऊन, काहींशी तोंड वाजवून, मंगळवार हा फवारणीचा वार ठरवून घेतला. दर मंगळवारी सगळे मांडव एकदम. पेट्रोलवर चालणारा पंप शेजारच्या पोपट म्हात्रेचा. तो एका टोकाने सुरुवात करायचा, आणि ज्याचा मांडव असेल त्याने मागे नळी धरून चालायचं. आमनाच्या मांडवात नळी आमनाच धरायची, ओढणी तोंडावरून घट्ट गुंडाळून. रमजानच्या महिन्यात फवाऱ्याचे थेंब ओठांवर आले तर रोजा तुटतो का, हेसुद्धा तिने एकदा मौलवींना विचारून घेतलं होतं. मुद्दाम गिळलं नाही तर तुटत नाही, असं ते म्हणाले. बाकी काय काय तुटतं ते तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तर असा हा मांडव, आणि त्याच्या सावलीत आता मुसा प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागला. पहिले काही दिवस आमनाला बरं वाटलं. घरचा पुरुष शेतात दिसला की गडीमाणसं जरा कमी फसवतात. मग एका सोमवारी त्याने तिला हाक मारली आणि ओठांवर बोट ठेवून वेलाच्या दाटीत दाखवलं. वाटीएवढं घरटं होतं आणि त्यात बुलबुलाची मादी बसली होती.

“बघितलंस?” तो कुजबुजला. “आपल्या मांडवात!”

“दरवर्षी असतंय,” आमना नेहमीच्या आवाजात म्हणाली. “दोन असतात, कधी तीन. मंगळवारी औषध मारलं की सोडून जातात.”

“आणि अंडी?”

“राहतात तिथंच. नंतर वेल काढताना सापडतात.”

मुसा तिच्याकडे असा बघत राहिला की जणू तिनेच ती अंडी फोडली होती. मग म्हणाला, “आमना, उद्या नको मारायला. ही पाखरं किडे खातात गो. मी तिथं बघितलंय. जिथं औषध मारून सगळं साफ करायचो, तिथंच महिन्याभरात दुप्पट झुरळं. खाणारं कोणी उरतच नाय ना. एक हंगाम बिगर औषधाचा काढू. मी करतो सगळं. सापळे लावतो, फळांना कागदाच्या पिशव्या बांधतो, डंख मारलेली फळं वेचून पुरतो. तू फक्त बघ.”

‘तू फक्त बघ’ हे वाक्य आमनाला कोणी म्हटल्याला इतकी वर्षं झाली होती की ती त्यालाच भुलली. माशीला पाखरं पुरी पडत नाहीत हे तिला माहीत होतं. तरी ती पोपटकडे गेली, दोन मंगळवार आमचा मांडव सोडा म्हणाली, आणि पोपटच्या कपाळावर आठ्या चढल्या त्या पाहूनही परत फिरली नाही.

मुसाने काम मात्र झपाट्याने सुरू केलं. रोह्याहून सापळे आणून मांडवभर टांगले. दोन दिवसांत त्यांत माश्यांचा खच पडला आणि तो एकेक डबा उघडून आमनाला दाखवू लागला. त्यात नुसते नर पडतात आणि फळाला डंख मारते ती मादी, हे तिने त्याला सांगितलं. नर मरून मांडवाचं काय अडणार, असंही म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघं एकत्र हसली. मग त्याने पिशव्या घेतल्या करायला. कारलं बोटाएवढं असतानाच त्याला कागदाची पिशवी घालायची, म्हणजे माशी त्याच्यापर्यंत पोचत नाही. कागद पुष्कळ लागतो. मुसा शेजारच्या हफ्साखालाकडे गेला आणि त्यांच्या कपाटावरचा उर्दू वर्तमानपत्रांचा गठ्ठा मागून घेऊन आला. हफ्साखाला म्हाताऱ्या, उर्दू वाचणारं त्यांच्या घरात त्यांच्याशिवाय कोणी उरलेलं नव्हतं. पोराला परदेशात राहून वाचनाची गोडी लागली असं समजून त्यांनी दुवा देत गठ्ठा दिला.

मुसाने दोन दिवस बसून पिशव्या चिकटवल्या आणि मांडवाला बांधल्या. तिसऱ्या दिवशी वारा सुटला. हफ्साखाला कालव्यावरून येत होत्या, त्यांच्या पायापाशी एक पिशवी उडत येऊन चिखलात पडली. त्यांनी ती उचलली, चष्मा लावला, आणि जिथे होत्या तिथून आमनाच्या नावाने हाक मारली. पिशवीवर कुराणातली अर्धी आयत छापलेली होती. शुक्रवारचा अंक असावा.

“तुम्हा दोघांना काय म्हणावं गो?” त्या पिशवी पुढे धरून म्हणाल्या. “पाक नाव चिखलात? रमजान चार दिवसांवर आलाय आणि तुमी हे करतायसा?”

मुसाचा चेहरा खाडकन उतरला. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कागद म्हणजे कागद, एवढंच त्याने धरलं होतं. आमनाने खालाची माफी मागितली आणि मांडवातल्या सगळ्या पिशव्या उतरवायला घेतल्या. एकेक गाठ सोडायची, कागद सपाट करायचा, कुठे अल्लाचं नाव आहे का, पैगंबरांचं आहे का बघायचं, असेल तो वेगळा काढायचा. तिला उर्दू अडखळत वाचता येई, म्हणून एकेका कागदाला वेळ लागे. मुसा उतरवायला मदत करत होता, पण गाठी त्याने अशा मारल्या होत्या की त्या त्याला स्वतःलाच सुटेनात. संध्याकाळपर्यंत तिची नखं दुखायला लागली, आणि रागवावं तर कोणावर हेही तिला कळेना.

पोपटची बायको प्रतिक्षा हमरापूरची. तिच्या माहेरी गणपतीच्या मूर्ती होतात, गुंडाळायला रद्दी ढिगाने लागते. तिने भावाला सांगून दोन गोण्या मराठी रद्दी पाठवली. गोण्या सोडायला घेतल्या तेव्हा पोपट स्वतः येऊन बसला. “थांबा भाभी, ह्यात बाप्पा हाय, हे नको,” म्हणत त्याने पानं बाजूला काढायला सुरुवात केली. त्यांच्याकडच्या रद्दीत दर दुसऱ्या पानावर बाप्पा होता. शेवटी उरले ते निवडणुकीतले उमेदवार आणि सिनेमातल्या नट्या. ते चिखलात पडायला कोणाचीच हरकत नव्हती, आणि त्यांच्या पिशव्या झाल्या.

एवढं होईस्तोवर रमजान लागला आणि मुसाचा झपाटा ओसरला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वय झालं होतं, तिथे वीस वर्षं वातानुकूलित घरांतून काम केलं होतं, इथे मार्चचं ऊन आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. दुपारची जोहरची नमाज झाली की तो जरा आडवा व्हायचा आणि ऊन कललं की असरच्या नमाजाला उठायचा. पण कारली कोणासाठी थांबत नाहीत. रोज नवी बोटाएवढी फळं लागायची, त्यांना रोज नव्या पिशव्या हव्या असायच्या. डंख बसलेली फळं वाकडी होऊन पिवळी पडायची, ती त्याच दिवशी वेचून खोल पुरायला हवीत, नाहीतर त्यातल्या अळ्यांच्या पुन्हा माश्या होतात. ‘तू फक्त बघ’ म्हटलं गेलं होतं खरं, पण बघता बघता हात घातल्याशिवाय आमनाला राहवेना. पहाटे सहेरीला उठून स्वयंपाक, मग तोडणी, मग गाडीचा माल, मग दुपारभर पिशव्या, मग इफ्तारीचा स्वयंपाक. औषध मारायचं म्हणजे आठवड्यातली एक सकाळ. पाखरं वाचवायची म्हणजे तिचे सातही दिवस. हे गणित मुसाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि तिच्या कंबरेला ते दर संध्याकाळी कळत होतं.

तिसऱ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी असरनंतर तो मांडवात आला तेव्हा ती वाकड्या कारल्यांची पाटी भरत होती. बुलबुलाची पिल्लं चोची वासून ओरडत होती. मुसा आधी तिकडे गेला, खाली वाकून बघून आला, आणि आनंदाने म्हणाला, “मोठी झालीत गो!”

आमनाने पाटी आपटली.

“उद्या पोपट येईल,” ती म्हणाली. “मी त्याला मार म्हणून सांगणार हाय. दोन मंगळवार म्हटलं होतं, दोन झाले. माझ्याच्यानं आता व्हत नाय.”

 मुसा बांधावर बसला आणि खाली बघत बोलू लागला. “तुला खरं सांगू? पाखरांचं हाय, पण पाखरांचंच नाय. मला तो वास नको. वीस वर्षं तोच वास. जेवताना हाताला, नमाजला सजदा केला की बाहीला. आंघोळ करून झोपलो तरी उशीला. कबुतरांची घरटी काढायला लावायचे, बाल्कनीतून, पिल्लांसकट. ते काम झालं की त्या दिवशी आम्ही खोलीतली माणसं एकमेकांशी बोलायचो नाय. मला वाटायचं, घरी जाईन तेव्हा हे संपेल. घरी आलो, आणि पहिल्याच मंगळवारी खिडकीतून तोच वास आत आला.”

आमना ऐकत होती. तिला त्याची दया आली, अगदी मनापासून आली. फोनवर त्याने हे कधीच सांगितलं नव्हतं. आणि ती दया पुरती यायच्या आतच तिने विचारलं:

“कंपनी तुमाला तोंडाला लावायला काय देत होती?”

“मास्क. हातमोजे. चष्मा.”

“आणि मला?”

मुसाने वर बघितलं.

“तुमी फवारत होता तितकी वर्षं मीपण नळी धरून फवारलंय. तुमचा वास कुवेतमध्ये राहिला. माझा माझ्या भाकरीला होता. आपली सफा तान्ही होती, अंगावर पीत होती तेव्हा तिला घेताना मी छाती धुवायची, दोनदा धुवायची. मला कोणी इचारलं का, की आमना, तुला वास येतो का? तुमाला नको झाला म्हणून आता नको. मला कधी नको होता, ते कोणाला ठाऊक हाय?”

ती रडली नाही. रडायला लागणारं पाणीही रोज्यात अंगात उरत नाही. पाटी उचलून ती खड्ड्याकडे गेली आणि कारली पुरत राहिली. मुसा मागून आला आणि फावडं धरून वर माती ओढू लागला. घरी दोघांनी एकाच ताटात खजूर ठेवून रोजा सोडला.

मंगळवारी सकाळी पोपट पंप घेऊन बांधावर आला. पंप सुरूच होता, त्याच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं. आमना पुढे झाली. इतकी वर्षं पोपट तिलाच विचारत आला होता: भाभी, किती मारू, भाभी, कडेने मारू का. आज त्याने तिच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं आणि ओरडून विचारलं, “मुसाभाय, मारायचं ना आज?”

आमनाचे कान तापले. पोपट वाईट माणूस नाही. घरधनी घरी आला की त्याला विचारायचं, एवढंच त्याला माहीत. पण मुसा आता जे बोलेल त्यावर आपला मांडव जाईल हे तिला लख्ख दिसलं. तो ‘मार’ म्हणाला तरी गेला, ‘नको’ म्हणाला तरी गेला.

मुसा खुर्चीतून उठला. “मला काय इचारतस?” तो म्हणाला. “मांडव आमनाचा हाय. तिला इचार.”

दोघं तिच्याकडे बघत उभे राहिले. तिला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त तिला थकवा आला. म्हणजे ठरवायचं पुन्हा तिनेच. पिकाला डाग लागला तर तिचा हट्ट, पिल्लं मेली तर तिचं पाप. सगळे मोठेपणाने बाजूला झाले आणि ओझं होतं तिथेच राहिलं.

“पंप बंद कर, पोपटभाऊ,” ती म्हणाली.

पोपटने बंद केला. एकदम शांत झालं.

“माझ्यात मारायचं नाय. तू तुझ्यात मार. मधल्या बांधावर सापळे आमचे, किडकं फळ एक जमिनीवर दिसणार नाय. दिसलं तर मला बोलाव.”

“पण भाभी, वार तुमीच बांधून दिलेला,” पोपट कुरकुरला. “तुमी सोडलात तर बाकीचे मला काय सोडतील? माशी तुमच्यात वाढंल नि आमच्यात येईल.”

“मी बांधला, मीच सोडते. बाकीच्यांना मी सांगते. त्यांच्या तोंडाला मी तोंड देईन, तू नको भांडूस.”

पोपटने मान हलवली, ती पटलं म्हणून नव्हे, तर या बाईशी वाद घालून उपयोग नाही म्हणून. तो पंप उचलून आपल्या बांधावर गेला. मुसाच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं. आमनाने ते पुरतं फुटू दिलं नाही.

“हसू नका. मी तुमच्यासाठी केलं नाय आणि पाखरांसाठी पण नाय. मला त्या नळीचा कंटाळा आलाय म्हणून केलं. आता ऐका. ईदपर्यंत मी मांडवात पाय ठेवणार नाय. पिशव्या तुमी बांधायच्या, किडकं तुमी वेचायचं, तोडणी तुमी, गाडीला माल तुमी. मोडलं तर मोडलं.”

“ईदपर्यंत?” मुसा म्हणाला. “आमना, मला गाडीवाल्याचं नावपण ठाऊक नाय.”

“विशाल नाव हाय त्याचं. पाटीमागं एक कारलं जास्त मागतो. द्यायचं नाय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजानंतर तो एकटा गेला. आमनाने भांडी घासली, अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. हातांना काम नसलं की ते कुठे ठेवायचे हे तिला आठवेना. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा ती दारापर्यंत गेली आणि परत आली. माल निम्माच चढला असणार हे गाडी किती वेळ थांबली त्यावरूनच कळत होतं. ऊन वर आलं तशी तिने धुण्याची बादली घेतली आणि कालव्यावर गेली. कालव्यावरून मांडव दिसतो, हे तिने स्वतःशीही कबूल केलं नाही.

मुसा पिशव्या बांधत होता. गाठ देठाला आवळून मारत होता. अशाने देठ कापतो आणि फळ वाढत नाही. दोनदा तिच्या तोंडात शब्द आले आणि तिने ते गिळले. एक कोवळं कारलं त्याच्या हातातच तुटलं, त्याने चोरासारखं इकडेतिकडे बघून ते खिशात घातलं. मग पुढच्या वेलाकडे गेला, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की तो सकाळपासून वाकलेलाच आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत मान खाली घालून, पाठ मोडून चालत होता. ताठ झाला की डोकं तारेला लागत होतं. तिने हा मांडव एकटीने बांधला होता, आणि बांधताना आपल्या डोक्यावर चार बोटं जागा सोडून तार ओढली होती. दुसरं कोणी यात उभं राहील असं तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

त्याने तिला पाहिलं. कंबरेवर हात ठेवून, वाकूनच ओरडला, “आमना! केवढा खाली बांधलायस गो हा!”

“माझ्या मापाचा हाय,” ती म्हणाली.

तिने कपडे पिळले, बादली उचलली आणि मागे न बघता घरी गेली. दार लोटलं, चटई अंथरून आडवी झाली, आणि असरची बांग झाली तरी तिला जाग आली नाही.